तुरुंगाऐवजी उपचार : इंग्लंड-वेल्सची वाट

• सुरुवात : १९४८च्या फौजदारी न्याय कायद्याने परिवीक्षेच्या (प्रोबेशन) आदेशात मानसोपचाराची अट घालण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला.

• आज : तुरुंगाबाहेर भोगायच्या शिक्षेत ही अट जास्तीत जास्त ३ वर्षांची. दोषी व्यक्तीची संमती हवीच.

• कामाची वाटणी : निदान आणि उपचार मानसोपचारतज्ज्ञांकडे; देखरेख आणि घर-रोजगाराची घडी बसवण्यास मदत परिवीक्षा अधिकाऱ्याकडे. रुग्ण भेटीला आलाच नाही, तर दवाखान्याने अधिकाऱ्याला वेळीच कळवायला हवे. दोघांचा संवाद तुटला की रुग्णही हातून सुटतो.

• रुग्णाचा हक्क : विजेचे झटके किंवा शस्त्रक्रिया नाकारली आणि न्यायालयाला तो नकार रास्त वाटला, तर केवळ तेवढ्यावरून अटीचा भंग ठरत नाही. उपचारांना शिक्षेचे रूप येता कामा नये.