उचल फिटली नाही म्हणून मजुराला अडवता येतं का? राज्यघटनेचं कलम २३ काय सांगतं

ऊसतोड असो की वीटभट्टी, हंगामाआधी उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत राबायचं, हे ग्रामीण भागाला नवं नाही. मजुराने उचल घेणं हा गुन्हा नाही. पण उचलीपोटी त्याला डांबून ठेवणं, दुसरीकडे कामाला जाऊ न देणं हा गुन्हा आहे. याचं मूळ राज्यघटनेत आहे.

कलम २३ काय आहे?

माणसांची खरेदी-विक्री, वेठबिगारी आणि सक्तीची मजुरी यांवर या कलमाने बंदी घातली. २६ जानेवारी १९५० पासून ती लागू आहे. ही बंदी फक्त सरकारवर नाही. मालक, सावकार, मुकादम यांनाही ती लागू होते. सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं, पण तिथेही जात-धर्म बघून भेद करता येत नाही.

आधी काय होतं?

१८४३ च्या कायद्यानंतर 'हा माझा गुलाम आहे' असा दावा कोर्टात चालेनासा झाला. गावातली वेठ मात्र सुटली नाही. वतनाच्या नावाखाली महार कुटुंबांना रात्री-अपरात्री सरकारी कामाला जावं लागे. ते बदलण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने राज्यघटनेचा मसुदा तयार केला.

घेतलेल्या पैशांचं काय?

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्जच रद्द केलं. त्यापोटी ताब्यात घेतलेली मालमत्ता परत द्यावी लागते. वेठबिगारी करून घेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १९८२ साली दिल्लीतल्या एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने आणखी स्पष्ट केलं: किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच.

तक्रार कुठे करायची?

जिल्हाधिकारी किंवा प्रांत कार्यालयात. अशा मजुरांना शोधून सोडवणं ही जिल्हा प्रशासनाची जबाबदारी आहे. त्यासाठी जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे.

मजुराकडे हिशेबाचा कागद नसला तरी घाबरायचं कारण नाही. हे कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने पैसे देणाऱ्यावरच टाकली आहे.