ताऱ्यांपलीकडचा खेळाडू

अमेरिकेत अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांना महाविद्यालयीन निवडीआधी तारे दिले जातात. पाच म्हणजे सर्वोत्तम. हा अंदाज मोठ्या गटासाठी बराचसा खरा ठरतो: पंचतारांकित मुलं व्यावसायिक संघांत पोहोचण्याची शक्यता अधिक असते. एकेकट्या मुलाबाबत मात्र तो फसू शकतो. जे. जे. वॉट या खेळाडूला शाळेत दोनच तारे होते. पुढे तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला.

आपल्याकडेही असं उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ 2012 मध्ये सैन्यात गेले, तेव्हा त्यांना नौकानयन ठाऊकच नव्हतं. सैन्यातल्या प्रशिक्षकांनी त्यांची उंची हेरली. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये ते तेरावे आले. 2018 मध्ये आशियाई स्पर्धेत त्यांनी सांघिक सुवर्ण जिंकलं. गुणांकन आजचं मोजतं. उद्यासाठी संधी आणि मेहनत लागते. म्हणून निवडीचं दार एकदाच उघडून बंद करू नये.