शालोत्तर पाळणाघर आणि तपासणीची पूर्वतयारी : नागपूर शहराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विभक्त कुटुंबपद्धती आणि आईवडील दोघांचीही नोकरी यांमुळे नागपूरसारख्या शहरात पाळणाघर ही चैनीची नव्हे, तर गरजेची बाब झाली आहे. पाळणाघर म्हटले की पाळण्यातील मूल डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात मात्र दुपारनंतर तेथे पाठीवर दप्तर घेतलेली प्राथमिक शाळेतील मुलेही येतात. सकाळच्या सत्रातील शाळा दुपारी सुटते आणि कार्यालये सायंकाळी. या मधल्या चार-पाच तासांत मुलाची जबाबदारी पुष्कळदा वस्तीतीलच एखादी गृहिणी आपल्या राहत्या घरी घेते. मुलांसाठी ती ‘काकू’ असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र तिला निश्चित असे नाव नाही. अशा पाळणाघराची तपासणी कोण करते, तिची पूर्वतयारी म्हणजे नेमके काय आणि या बाबतीत महाविद्यालयांना काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची चौकट आणि सहा वर्षांची सीमारेषा

भारतात पाळणाघराची तरतूद प्रामुख्याने कामगार कायद्यांच्या अंगाने विकसित झाली. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४८ नुसार तीसहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आवश्यक होते. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ही जबाबदारी टाकली आणि मातेस दिवसातून चार वेळा पाळणाघरास भेट देण्याची मुभा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांनी या कायद्यांची जागा घेतली असून पाळणाघराची तरतूद त्यांतही कायम आहे.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी राष्ट्रीय किमान मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. जागा, मनुष्यबळ, आहार, आरोग्य व सुरक्षितता यांचे निकष त्यांत आहेत. परंतु ती सहा महिने ते सहा वर्षे या वयोगटापुरती आहेत. ‘मिशन शक्ती’ अंतर्गत ‘पाळणा’ योजनेची वयोमर्यादाही हीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठे व महाविद्यालयांतील पाळणाघरांसाठी जी योजना आखली, तीही सुमारे तीन महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठीच होती.

सहाव्या वर्षानंतर शिक्षण हक्क कायदा, २००९ लागू होतो. पण त्याचा संबंध शाळेशी आहे. म्हणजे सात वर्षांच्या मुलाच्या दिवसातील शाळेचे तास एका कायद्याखाली येतात आणि शाळा सुटल्यानंतरचे तास कोणत्याच तपासणी यंत्रणेकडे सोपविलेले नाहीत. मूल सहा वर्षांचे झाले की ते स्वतःला सांभाळू शकते, असे गृहीत यामागे असावे. अनुभव मात्र या गृहीतास दुजोरा देत नाही.

इंग्लंडमधील व्यवस्था

तुलनेसाठी इंग्लंडचे उदाहरण उपयुक्त ठरते. तेथे घरी मोबदला घेऊन मुले सांभाळणाऱ्यांच्या नोंदणीचे व तपासणीचे काम २००१ पासून ‘ऑफस्टेड’ या संस्थेकडे आहे. बालसंगोपन अधिनियम, २००६ अन्वये लहान मुलांसाठी एक आणि शाळेत जाऊ लागलेल्या मुलांसाठी दुसरी अशा दोन नोंदवह्या ठेवल्या जातात. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी नोंदणी साधारणतः सक्तीची, तर त्यापुढे ऐच्छिक आहे. केवळ दुसऱ्या नोंदवहीत असलेल्या व्यक्तीची तपासणी झाल्यावर तिला श्रेणी दिली जात नाही. अटी पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, एवढेच सांगितले जाते. शालोत्तर पाळणाघराकडून शाळेची अपेक्षा न करता केवळ सुरक्षिततेची व विश्वासार्हतेची खातरजमा करणे, हा या पद्धतीचा अर्थ आहे.

पूर्वतयारीचे घटक

तपासणीच्या आदल्या दिवशी केलेली स्वच्छता म्हणजे पूर्वतयारी नव्हे. नॅकच्या समितीला सामोरे गेलेल्या प्राध्यापकवर्गास हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. एका रात्रीत लिहिलेली वही आणि वर्षभर लिहिली गेलेली वही यांतील फरक अनुभवी नजरेस लगेच कळतो. शालोत्तर पाळणाघरासाठी पुढील पाच घटक महत्त्वाचे ठरतात.

१. ये-जा नोंद : शाळा आणि पाळणाघर यांमधील प्रवास हा सर्वांत नाजूक टप्पा होय. मूल स्कूल व्हॅनने वा ऑटोने येते. ते ठरलेल्या वेळी पोहोचले नाही, तर किती मिनिटांनी कोणाला दूरध्वनी करायचा, हे आधीच लेखी ठरलेले असावे. मुलास नेण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, याची पालकांच्या स्वाक्षरीची यादी हवी. यादीत नाव नसलेली व्यक्ती नात्यातील असली, तरी पालकांशी बोलल्याशिवाय मूल तिच्या स्वाधीन करू नये.

२. माणसे : घरी चालणाऱ्या पाळणाघरात संचालिकेखेरीज घरातील इतर माणसेही वावरतात. मदतनिसाची पोलीस पडताळणी झालेली असावीच; शिवाय त्या वेळेत घरात कोण असते, हेही पालकांना ठाऊक असावे. एकाच व्यक्तीवर सर्व भार असल्यास ती आजारी पडेल त्या दिवशीची पर्यायी व्यवस्था नोंदवलेली असावी.

३. जागा : प्रत्येक मुलामागे किमान दहा ते बारा चौरस फूट जागा, हा २०१८ च्या तत्त्वांतील निकष लहान मुलांसाठी आहे, अभ्यासाला बसणाऱ्या मोठ्या मुलास त्याहून अधिक जागा लागते. नागपूरचा विशेष विचार करता उन्हाळ्यातील कूलरकडे दुर्लक्ष करता येत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कूलर घरोघरी चालतो. ओल्या हाताने त्याच्या लोखंडी पत्र्यास स्पर्श झाल्यास विजेचा धक्का बसून जीव जाऊ शकतो. म्हणून अर्थिंगची तपासणी, पाणी भरताना प्लग काढणे आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशी मांडणी या गोष्टी अनिवार्य मानाव्यात. कूलरच्या टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ साधारणपणे आठ-दहा दिवसांत होते. त्यामुळे आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करणे आवश्यक ठरते. महानगरपालिकेचे आरोग्य कर्मचारी डासांच्या अळ्या शोधण्यासाठी घरोघरी कूलर तपासतात. त्याच घरात सांभाळल्या जाणाऱ्या मुलांची विचारपूस मात्र कोणाच्याही कामात मोडत नाही.

४. आहार व औषध : ॲलर्जी, फिट येणे, दमा अशा बाबींची माहिती प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्यावी. पालकांच्या लेखी सूचनेशिवाय कोणतेही औषध देऊ नये आणि दिल्यास वेळ व मात्रा नोंदवावी. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेली किमान एक व्यक्ती सदैव हजर असावी.

५. बालकाचे संरक्षण : पाळणाघराची नोंदणी नसली, तरी ते कायद्याच्या कक्षेबाहेर नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती वा शंका असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने केलेली क्रूरता दंडनीय आहे. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लावावा. मुलाच्या अंगावर दिसलेली जखम, मग ती शाळेतील असो वा घरची, त्याच दिवशी नोंदवून पालकांची स्वाक्षरी घ्यावी.

नोंदीचे दुहेरी संरक्षण

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेस झालेली मारहाण सीसीटीव्ही चित्रणातून उघडकीस आली. त्यानंतर पाळणाघरांच्या नियमनाची मागणी राज्यभर झाली. कॅमेरा घडलेले दाखवितो, घडणारे थांबवीत नाही, हा त्या घटनेचा बोध आहे. कोणीतरी रोज पाहत आहे, ही जाणीवच प्रतिबंधक ठरते.

नोंदवही केवळ मुलाचेच रक्षण करते असे नाही. प्रामाणिकपणे मुले सांभाळणाऱ्या स्त्रीवर उद्या एखादा आरोप झाला, तर तिच्याजवळ दुसरा पुरावा कोणता असणार? तथापि, नियमनाचा अतिरेक झाल्यास अल्प शुल्कात मुले सांभाळणाऱ्या गृहिणी हे काम सोडून देतील आणि त्यांच्याकडची मुले कुलूपबंद घरात एकटी राहतील, हा धोकाही नजरेआड करता येत नाही. म्हणून महागड्या परवान्यापेक्षा साधी नोंदणी आणि श्रेणीविरहित तपासणी हा मार्ग अधिक योग्य ठरतो.

महाविद्यालयांची भूमिका

कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघाची स्थापना केली ती याच शहरात. त्या परंपरेच्या नागपुरात आज गृहविज्ञान व समाजकार्य शिकविणारी महाविद्यालये आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्याचा भाग म्हणून परिसरातील पाळणाघरांना संमतीने भेटी देणे, वरील घटकांची तपासणीसूची भरून देणे आणि प्रथमोपचाराचे वर्ग घेणे सहज शक्य आहे. नॅकच्या पूर्वीच्या नियमावलीत स्त्री-पुरुष समानतेच्या निकषाखाली महाविद्यालयातील पाळणाघराचा उल्लेख होता. असे पाळणाघर असल्यास सहा वर्षांवरील मुलांना दुपारनंतर तेथे सामावून घेण्याचा विचार व्हावा. महाविद्यालयात काम करणाऱ्या शिपाई व सफाई कर्मचारी स्त्रियांची मुलेही त्यात असावीत.

समारोप

शालोत्तर पाळणाघरास आज बाहेरचा तपासनीस नाही. म्हणून पूर्वतयारी अनावश्यक ठरते असे नाही, उलट तिची निकड वाढते. तपासणीसाठी सिद्ध असणे म्हणजे ‘हे मूल आत्ता कोठे आहे, कोणाबरोबर आहे आणि त्याला कोण नेणार आहे’ या तीन प्रश्नांचे उत्तर कोणत्याही क्षणी देता येणे होय. शासनाचा तपासनीस येईल तेव्हा येईल; तोवर हे प्रश्न विचारण्याचा अधिकार पालकांनी रोज बजावला पाहिजे.