पोटांतील जंतु व मूत्रपिंडाचें औषध

एका मनुष्याचें मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरांत बसविणें ही गोष्ट आतां नवलाची राहिली नाहीं. ता. २३ डिसेंबर १९५४ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं डॉ. जोसेफ मरे यांनीं ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. देणारा व घेणारा हे एकरूप जुळे बंधु असल्यामुळें शरीरानें तें इंद्रिय आपलेंच मानिलें. इतरांच्या बाबतींत मात्र रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यास परकें समजून त्यावर हल्ला करितात. त्यांस आवर घालण्याकरितां रोग्यास नित्य औषध घ्यावें लागतें.

ह्या औषधांत टॅक्रोलिमस हें प्रमुख होय. इ. स. १९८४ सालीं जपानांत त्सुकुबा येथील मातींतल्या जंतूंपासून तें सांपडलें. रक्तांत तें कमी पडल्यास नवें मूत्रपिंड धोक्यांत येतें. अधिक झाल्यास त्याच मूत्रपिंडास अपाय होतो. परंतु सारखीच मात्रा घेणाऱ्या दोघांच्या रक्तांत त्याचें प्रमाण सारखें नसतें. यकृत व आंतडीं औषध किती वेगानें मोडतात, हें बरेंचसें आनुवंशिक असतें. शिवाय आंतड्यांत वसणारे कोट्यवधि जंतुहि ह्या कामीं हात लावितात, असें दिसूं लागलें आहे. न्यूयॉर्क येथें १९ रोग्यांची पाहणी होऊन तिचा वृत्तांत २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या पांच जणांस मात्रा बरीच वाढवावी लागली, त्यांच्या मळांत फीकॅलिबॅक्टेरियम नांवाचे जंतु अधिक आढळले. हे जंतु टॅक्रोलिमसचें रूपांतर दुर्बल द्रव्यांत करितात, हें २०१९ सालीं प्रयोगशाळेंत दिसून आलें. रोगी थोडेच असल्यामुळें एवढ्यावरून अखेरचा निर्णय करितां येत नाहीं.

मायकोफेनोलेट ह्या दुसऱ्या औषधाची कथा उलट आहे. यकृत त्यास एका द्रव्याची जोड देऊन निष्क्रिय करितें व पित्तावाटे आंतड्यांत सोडितें. तेथील जंतु ती जोड तोडितात, आणि औषध पुनः रक्तांत शिरतें. म्हणजे जे जंतु एका औषधाचा नाश करितात, त्यांचेच सोबती दुसरें परत आणून देतात!

यावरून व्यवहाराची गोष्ट ध्यानांत येईल. जंतुनाशक गोळ्यांनीं ही वसाहत विस्कटते, व मायकोफेनोलेट कमी पडूं शकतें. अतिसार झाला असतां टॅक्रोलिमसचें प्रमाण वाढूं शकतें. म्हणून ज्यांच्या घरीं असा रोगी असेल, त्यांनीं शेजाऱ्याच्या सांगण्यावरून कोणतीहि गोळी देऊं नये, मात्रा आपल्या मनानें बदलूं नये, आणि जुलाब होतांच डॉक्टरांस कळवावें. वरचेवर रक्त तपासण्याचा जो त्रास वाटतो, तोच त्या मूत्रपिंडाचा राखणदार आहे, असें आम्ही आग्रहानें सांगतों.