विश्लेषण : जुनी ‘इस्टेट’ गाडी स्वस्तात मिळतेय? व्यवहारापूर्वी काय तपासाल?

गणपतीला गावी जायचे, पाच माणसे, चार बॅगा आणि वर आजीची चाकांची खुर्ची. नव्या सात आसनी गाडीची किंमत परवडत नाही आणि छोट्या गाडीत सामान मावत नाही. आंबिवली, मोहोने, टिटवाळा, शहाड या पट्ट्यातील अनेक कुटुंबांसमोर हा पेच असतो. अशा वेळी जुन्या गाड्यांच्या बाजारात लांब डिकीची एखादी ‘इस्टेट’ किंवा ‘स्टेशन वॅगन’ दीड-दोन लाखांच्या आत दिसते आणि मोह होतो. मात्र पंधरा-वीस वर्षे जुन्या गाडीत किमतीपेक्षा मोठा खर्च कागदांत आणि पत्र्याखाली दडलेला असू शकतो. तो आधी कसा ओळखायचा?

इस्टेट गाडी म्हणजे नेमके काय?

सेडान गाडीचे छत मागेपर्यंत सरळ नेऊन डिकी आतल्या जागेला जोडली की इस्टेट तयार होते. मागचे दार वर उघडते आणि मागील आसने आडवी केली की लांब सपाट जागा मिळते. भारतात टाटा मोटर्सने १९९२मध्ये ‘टाटा इस्टेट’ आणली. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, टाटाची इंडिगो मरिना (२००४), स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी अशा गाड्या आल्या. परंतु २०००मध्ये क्वालिस, २००५मध्ये इनोव्हा आणि २०१२मध्ये एर्टिगा आल्यावर मोठ्या कुटुंबांचा ओढा त्या गाड्यांकडे वळला. इस्टेट गाड्या कमी विकल्या गेल्या आणि एकेक करून बंद झाल्या. आज त्या स्वस्त मिळण्याचे हेच कारण आहे आणि त्यांचे सुटे भाग शोधावे लागण्याचेही.

सर्वात आधी कोणता कागद पाहावा?

नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी. त्यावरील ‘वैधता’ ही तारीख सर्वात महत्त्वाची. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत गाडीची तपासणी होऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. मुदत उलटून गेली असेल तर उशिराबद्दल दरमहा वेगळे शुल्क लागते. याशिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाड्यांना पर्यावरण कर आहे. तो कोणत्या तारखेपर्यंत भरला आहे, याची पावती मागावी.

म्हणजे २००६ची गाडी नूतनीकरण होऊन २०२६पर्यंत वैध असेल आणि मुदत संपायला चार महिने उरले असतील, तर पुढचे शुल्क, कर आणि तपासणीत उत्तीर्ण होण्यासाठीची दुरुस्ती हा सगळा भार नव्या मालकावर पडतो. विक्रेत्यानेच नूतनीकरण करून द्यावे किंवा तेवढी रक्कम किमतीतून कमी करावी, हा रास्त मार्ग.

मालकी, कर्ज आणि दंड कसे तपासावेत?

एमपरिवहन अॅपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणी, विमा, पीयूसी यांची मुदत दिसते. आरसीवर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचे पत्र आणि नमुना ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘कर्ज केव्हाच फिटले, फक्त नाव काढायचे राहिले’ हे वाक्य जुन्या गाड्यांच्या बाजारात नेहमी ऐकू येते. नाव काढण्याची धावपळ मात्र खरेदीदाराच्या वाट्याला येते. प्रलंबित ई-चलन महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर दिसतात.

चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष पाहून आरसीशी जुळवावेत. आकडे घासलेले, पुन्हा ठोकलेले किंवा त्याभोवतीचा पत्रा नव्याने जोडलेला वाटला तर व्यवहार तिथेच थांबवावा. एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना राज्यात उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक झाली आहे. ती बसवलेली नसेल तर आरटीओतील कामे अडतात.

दुसऱ्या राज्यातील गाडी घ्यावी का?

दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत कमी किमतीत येऊ लागल्या. अशी गाडी घेतल्यास मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८), महाराष्ट्रातील कर आणि नवा क्रमांक हे सोपस्कार करावे लागतात. १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल तर नवी नोंदणी कायद्याने आवश्यक आहे. या सगळ्याचा खर्च धरला की किमतीतील फरक बराचसा संपतो. आंबिवलीच्या खरेदीदाराला एमएच-०५ (कल्याण) किंवा एमएच-०४ (ठाणे) क्रमांकाची गाडी अधिक सोयीची. ती पाहणेही सोपे आणि जुना मालक गाठणेही.

पुराच्या पाण्यात गेलेली गाडी कशी ओळखावी?

या परिसरात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. २६ जुलै २००५च्या महापुरात मुंबई, ठाणे, कल्याण, बदलापूर भागात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. त्या दिवशी नदीकाठच्या वस्त्यांतही पाणी होते. आज विक्रीला येणाऱ्या इस्टेट गाड्यांपैकी अनेक या दोन्ही पावसाळ्यांच्या साक्षीदार आहेत.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या भागावर चिखलाची रेघ असेल तर ती धुतली जात नाही. आसनांखालच्या पट्ट्या, गालिच्याखालचा पत्रा, फ्यूज बॉक्स आणि डॅशबोर्डखालील तारांचे जोड पाहावेत. तिथे हिरवट थर किंवा गंज असेल तर विद्युत यंत्रणेचा त्रास पुढे वर्षानुवर्षे चालतो. बंद गाडीत कुबट वास आणि तो झाकणारा उग्र सुगंध, दोन्ही धोक्याच्या खुणा.

इस्टेट गाडीत वेगळे काय पाहावे?

मागचा भाग. स्टेपनी काढून तिची खोबण पाहावी. मागच्या दाराचे रबर कडक झाले की पाणी तिथेच साचते आणि पत्रा आतून सडतो. छतावर कॅरिअर बसवण्यासाठी पाडलेल्या भोकांतूनही पाणी झिरपते. दार वर धरून ठेवणारे गॅसचे दांडे थकले असतील तर दार डोक्यावर येते. दांडे बदलणे अवघड नाही, पण नेमक्या मापाचे मिळतात का हे आधी विचारावे.

गाडी सपाट जागी उभी करून बाजूने पाहावी. मागचा भाग बसलेला दिसला तर स्प्रिंग आणि शॉकअप थकले आहेत. इस्टेट गाड्यांनी आयुष्यभर सामान वाहिलेले असते. मंडप, केटरिंग वा दुकानाच्या कामाला वापरलेली गाडी डिकीतल्या ओरखड्यांवरून आणि मागील आसनांच्या सैल कड्यांवरून ओळखता येते.

सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी दाब चाचणी झाल्याचे प्रमाणपत्र हवे. सिलिंडरने डिकीची अर्धी जागा खाल्ली असेल, तर इस्टेट घेण्याचा हेतूच उरत नाही.

इंजिन कसे पारखावे?

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधी सुरू करू नका, असे सांगावे. बोनेट गरम लागले तर थंड इंजिन सुरू होताना होणारा त्रास लपवला असण्याची शक्यता असते. सुरू झाल्यावर निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असावे.

टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो शेवटचा केव्हा बदलला, याचे बिल मागावे. बिल नसेल तर बदललाच नाही असे धरून खर्च मोजावा. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनच उघडावे लागू शकते. पेट्रोल गाडीत इंधनाच्या रबरी नळ्याही पाहाव्यात. पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि इतक्या जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते.

चाचणीसाठी गल्लीतील फेरी पुरेशी नाही. शहाडच्या उड्डाणपुलाची चढण आणि मुरबाड रस्त्यावरचा मोकळा पट्टा, दोन्हीकडे किमान अर्धा तास गाडी चालवावी. क्लच सटकतो का, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते का आणि तापमानाचा काटा स्थिर राहतो का, हे तेव्हाच कळते. त्यानंतर ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहून घ्यावी.

सुटे भाग मिळतील का?

इंडिगो मरिनाचे इंजिन व पुढचे बरेच भाग इंडिका-इंडिगोशी जुळणारे असल्याने गॅरेजवाल्यांना ते परिचित आहे. अडचण मागच्या दिव्यांची, काचेची आणि दाराची. ते भाग फक्त इस्टेटचेच असतात. बलेनो अल्टुरासाठी भाग मागताना ‘जुनी बलेनो’ असे स्पष्ट सांगावे, कारण २०१५मध्ये त्याच नावाची वेगळी गाडी आली. ओपेलचे तर भारतात आज विक्रेतेच नाहीत. म्हणून मागील काच किंवा दिवा फुटलेली गाडी ‘नंतर बघू’ म्हणून घेऊ नये.

विम्याचे काय?

तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. २०२२मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसी मोटारीचा मूळ वार्षिक हप्ता ३,४१६ रुपये आणि १,५०० सीसीवरील मोटारीचा ७,८९७ रुपये. म्हणजे मरिना आणि कॉम्बी यांत केवळ इंजिनामुळे दुपटीहून अधिक फरक पडतो. खरेदीनंतर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी. ‘नो क्लेम बोनस’ जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

पैसे दिल्यावर काम संपते का?

नाही. नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या होऊन आरसीवर नवे नाव चढेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक जुनाच राहतो. विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवणे अपेक्षित आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हेच स्पष्ट केले. गाडी अनेक हातांतून गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतील मालकावर टाकण्यात आली. त्यामुळे विक्रेत्यालाही हस्तांतरणाची तितकीच घाई हवी. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देणारा विक्रेता किंवा ‘नाव नंतर करू’ म्हणणारा दलाल, दोघांपासून दूर राहावे.

थोडी रक्कम हस्तांतरण पूर्ण होईपर्यंत हातात ठेवावी आणि बाकीची बँकेमार्फत द्यावी. विक्री पावतीवर गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहून घ्यावी. त्या क्षणापूर्वीचे चलन कोणाचे आणि नंतरचे कोणाचे, हा वाद मग उरत नाही.