दोंगदेमूनचा रात्रीचा बाजार आणि स्टायलिस्टचा धंदा

फॅशन स्टायलिस्ट म्हणजे शिंपी नव्हे, आणि कपड्याचा नमुना काढणारा कलावंतही नव्हे. नटनटी, गायक, जाहिरातीतील मॉडेल यांच्या अंगावर कोणत्या प्रसंगी काय असावे हे ठरवायचे, ते जमवून आणायचे, अंगावर नीट बसवायचे आणि काम संपल्यावर जसेच्या तसे परत पोचवायचे, हा त्याचा धंदा. नाव होते ते ठरवणाऱ्याचे. आणणे आणि पोचवणे मदतनिसाच्या डोक्यावर, आणि परक्या गावी गेलेला नवखा माणूस मदतनीस म्हणूनच सुरुवात करतो. कोरियन मालिका पाहून सेऊलला जाण्याचे मनात धरणाऱ्या मुलामुलींना आम्ही अडवणार नाही. मात्र तेथील बाजार आणि तेथील कायदा दोन्ही आधी समजून घ्यावेत.

बाजार म्हणजे दोंगदेमून. या शब्दाचा अर्थ पूर्वेचा मोठा दरवाजा. शहराची जुनी वेस तेथे आजही उभी आहे. तेथील घाऊक कपड्यांची दुकाने रात्री आठच्या सुमारास उघडतात आणि पहाटेपर्यंत चालतात. घाऊक दुकानात कपडा अंगावर चढवून पाहू देत नाहीत, एकच नग मागणाऱ्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. बायकांच्या कपड्यांची मापे ४४, ५५, ६६ अशी. हे इंचही नव्हेत आणि सेंटिमीटरही नव्हेत, ती तेथली जुनी क्रमवारी आहे. गावोगावच्या दुकानदारांसाठी रात्रभर माल गोळा करणाऱ्यांना ‘सामचोन’ म्हणजे काका म्हणतात. दुकानातल्या बाईला सगळे ‘ओन्नी’, म्हणजे ताई, म्हणून हाक मारतात. मागच्या टेकडीवर छांगशिन-दोंग नावाची वस्ती आहे. मोटारसायकलवर कापडाचे गठ्ठे चढतात, घराघरांतल्या शिलाईयंत्रांवरून कपडे होऊन खाली येतात.

नात्याच्या या हाका कानाला गोड लागतात. परंतु आम्ही कामगारांत आयुष्य घालवलेली माणसे. आमचा अनुभव असा की ज्याला शेठ म्हणतो त्याच्याकडे पगार मागता येतो, ज्याला काका म्हणतो त्याच्याकडे मागताना जीभ अडते.

मदतनिसाचा दिवस कसा जातो? मोठ्या कंपन्या प्रसिद्धीसाठी कपडे उसने देतात. ते कचेऱ्याकचेऱ्यांतून पिशव्या भरून आणायचे, वाफेच्या इस्त्रीने सुरकुत्या काढायच्या, ढगळ अंगरखा पाठीमागून चिमट्यांनी आवळायचा, म्हणजे छायाचित्रात तो बेतून शिवल्यासारखा दिसतो. उसन्या बुटांच्या तळाला चिकटपट्टी लावायची, नाहीतर ओरखडा उठला की परत कोण घेणार? डाग पडला तर भरपाई कोणाची, हे कामाला लागण्यापूर्वी विचारून घ्यावे.

तेथील तरुण कामगारांच्या संघटनेने २०२० साली या मदतनिसांची पाहणी जाहीर केली. तासाची सरासरी कमाई चार हजार वोनच्याही आत निघाली. त्या वर्षी कायद्याने ठरलेले किमान वेतन तासाला ८,५९० वोन होते! बहुतेकांजवळ लेखी करार नव्हता. स्टायलिस्टला कामाची एकठोक रक्कम मिळते, त्यातून तो मदतनिसाला देतो आणि म्हणतो, ‘हा तर शिकाऊ आहे.’ शिकाऊ या शब्दाने किती पोटे मारली आहेत हे आपल्याकडच्याही कारखान्यांना ठाऊक आहे.

याच बाजारात हा प्रश्न एकदा फार मोठी किंमत देऊन विचारला गेला. प्यंगह्वा बाजारात, म्हणजे शांतता बाजारात, चॉन थे-इल नावाचा कापड बेतणारा कारागीर होता. माणूस ताठ उभा राहू शकणार नाही अशा माळ्यांवर लहान मुली चौदा-चौदा तास शिवण करीत. आठ तासांचा कायदा १९५३ पासून कागदावर होता. थे-इलने तो वाचला, अधिकाऱ्यांना अर्ज केले, कोणी दाद दिली नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कायदा पाळा असे ओरडत त्याने बाजारासमोर स्वतःला पेटवून घेतले. दोन आठवड्यांत तेथे शिवणकामगारांची संघटना उभी राहिली. त्याची आई ली सो-सन पुढे जन्मभर कामगारांबरोबर राहिली. २००५ सालापासून ओढ्यावरील पुलावर त्याचा पुतळा आहे. रात्री माल घ्यायला जाणाऱ्या मदतनिसाला तो दिसतो.

आता नवख्याने काय करावे? किमान वेतन आणि लेखी करार हे दोन्ही हक्क तेथे परदेशी कामगारालाही आहेत. मात्र पाचांहून कमी माणसे असलेल्या ठिकाणी जादा तासांचा वाढीव दर लागू होत नाही असे कायद्याचे आजवरचे स्वरूप आहे, आणि स्टायलिस्टचे पथक बहुधा एवढेच असते. विद्यार्थी म्हणून गेलेल्याने पगारी कामाची वेगळी परवानगी काढावी. ती नसली की मालकाच्या हाती धमकीचे शस्त्र मिळते. आलो किती वाजता, सुटलो किती वाजता, हे रोज आपल्या वहीत लिहावे, निरोपांचे संदेश जपून ठेवावेत. वेतन बुडाले तर तेथील श्रम मंत्रालयाच्या स्थानिक कचेरीत अर्ज करता येतो. मंत्रालयाचा चौकशीचा दूरध्वनी क्रमांक १३५० आहे.