स्विचला विचारा, पण नीट
स्विचच्या कुठल्या पोर्टवर किती रहदारी आहे, हे बघायला दर वेळी लॉगिन करावं लागत नाही. एसएनएमपी हा १९८८ पासूनचा प्रोटोकॉल त्यासाठीच आहे. यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर प्रश्न पाठवला की स्विच इंटरफेसचं नाव, स्थिती (१ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद) आणि आलेले-गेलेले बाइट सांगतो. रहदारीचा वेग मात्र दोन वाचनांतल्या फरकाला मधल्या सेकंदांनी भागून आपणच काढायचा. खरी गोम इथेच आहे. बाइट मोजणारा जुना काउंटर ३२ बिटांचा; गिगाबिटची लाइन पूर्ण भरलेली असेल, तर साधारण ३४ सेकंदांत तो पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांनी विचारणाऱ्याला मग भलताच आलेख दिसतो! त्यामुळे ६४ बिटांचाच काउंटर वाचावा. त्यासाठी प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती तरी लागते. आणि स्विचवरचा ‘पब्लिक’ हा सर्वांना पाठ असलेला परवलीचा शब्द आधी बदलावा.